पॉझिटिव्ह म्हणजे नेमके काय? एका अजस्र संख्येचा धडा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ओपीडीत एक बाप-लेक आले. मुलगी विशीतली, चेहरा पडलेला. बापाने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. गावातल्या तपासणी शिबिरात मिळालेली ती चिठ्ठी होती. त्यावर मुलीचे नाव, वय आणि खाली दोनच शब्द होते: ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’. ‘लग्न मोडलं जी, मॅडम,’ बाप म्हणाला. ‘पोरीला मोठा आजार आहे, असं पाहुण्यांच्या कानावर गेलं.’

‘पुढची तपासणी केली का?’ मी विचारलं. ‘पुढची कोणती? पॉझिटिव्ह आलं म्हणले ना.’

त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी आली होती. आतापर्यंत ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडल्याचे २१ ऑक्टोबरला जाहीर झाले. अशी बातमी आपण कुतूहलाने वाचतो आणि पान उलटतो. मला मात्र ती वाचताना टेबलावरचा तो कागद आठवत राहिला. ही संख्या ज्या पद्धतीने शोधली आणि तपासली गेली, ती पद्धत आपण आपल्या रक्ताच्या रिपोर्टांना लावली असती, तर त्या मुलीचे लग्न मोडले नसते.

चार कोटी अंकांची संख्या

मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः ती संख्या सोडून दुसऱ्या कशानेही भाग न जाणारी संख्या, हे आपण शाळेत शिकलो आहोत. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या आहेत. नवी संख्या मिळवायची रीत सांगायला सोपी आहे: २ ला २ ने गुणत जायचे, असे १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ दोन एकमेकांत गुणायचे आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करायचा. या संख्येत ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता वाचत बसलो तरी ती संपायला सव्वा वर्षाहून अधिक काळ लागेल. याआधीचा विक्रम २०१८ चा होता आणि त्या संख्येत सुमारे अडीच कोटी अंक होते.

दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या अशा मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचे नाव मिळाले आहे. आजवर अशा फक्त ५२ सापडल्या आहेत. १९९६ पासून जगभरातले हजारो हौशी लोक आपापले संगणक या शोधाला लावतात. ही ५२ वी संख्या अमेरिकेतील सॅन होजे येथील ल्यूक ड्युरंट या ३६ वर्षांच्या तरुणाला मिळाली. त्याने अनेक देशांतल्या डेटा सेंटरमधले शक्तिशाली ग्राफिक प्रोसेसर या कामाला जुंपले होते.

या संख्येचा व्यवहारात उपयोग काय? आज तरी काही नाही. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या सांकेतिक लिपीत मूळ संख्या लागतात, पण त्या काहीशे अंकांच्या असतात. मला यात रस वाटला तो वेगळ्याच तपशिलात. ११ ऑक्टोबरला आयर्लंडमधल्या डब्लिन येथील एका प्रोसेसरने ही संख्या ‘बहुधा मूळ’ असल्याचे कळवले. त्या क्षणी कोणीही पेढे वाटले नाहीत. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, दुसऱ्या यंत्रावर, पूर्णपणे वेगळी आणि खात्रीची चाचणी झाली. मग वेगवेगळ्या प्रणाली आणि वेगवेगळी यंत्रे वापरून पुन्हा पुन्हा पडताळणी झाली. त्यानंतरच, दहा दिवसांनी, जगाला सांगितले गेले.

‘बहुधा मूळ’ आणि ‘मूळ’ या दोन शब्दांतले अंतर गणिती लोक इतक्या काटेकोरपणे पाळतात. आम्ही वैद्यकात त्याला ‘स्क्रीनिंग’ आणि ‘निदान’ म्हणतो. पण पाळतो का?

चाळणी कशी फसते

चार कोटी अंकांच्या संख्येला एकेका संख्येने भागून पाहणे अशक्य आहे. म्हणून आधी एक चाळणी लावतात. तिचे मूळ फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये मांडलेल्या नियमात आहे. ७ ही संख्या घ्या. तिच्यापेक्षा एक कमी म्हणजे ६. सहा दोन एकमेकांत गुणले की ६४ येतात. ६४ ला ७ ने भागले की बाकी १ उरते. २ सोडून इतर कुठलीही मूळ संख्या घेतली तरी बाकी १ च उरते. आता ९ घ्या. आठ दोनांचा गुणाकार २५६, त्याला ९ ने भागले की बाकी ४. म्हणजे ९ मूळ नाही. अवयव न शोधताच आपल्याला हे कळले.

पण नियम उलटा वाचता येत नाही. मूळ असेल तर बाकी १ येते, हे खरे; बाकी १ आली म्हणजे संख्या मूळच आहे, हे खरे नाही. २०४७ पाहा. अकरा दोनांचा गुणाकार २०४८, म्हणजे २०४७ पेक्षा बरोबर एकने जास्त. त्यामुळे दोनची चाळणी लावली की बाकी १ च येते आणि २०४७ ‘पॉझिटिव्ह’ ठरते. प्रत्यक्षात २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. तीच चाचणी २ ऐवजी ३ घेऊन केली, तर बाकी १०१३ येते आणि बिंग फुटते.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मर्सेनच्या घराण्यातल्या उमेदवार संख्या दोनच्या घातांपासूनच बनतात. त्यामुळे दोनची चाळणी त्यांच्यापैकी एकालाही नापास करत नाही. खऱ्या-खोट्या सगळ्या पास होतात. चाचणी चुकीची नाही, पण या घराण्यासाठी ती निरुपयोगी आहे. म्हणूनच हे शोधक २ ऐवजी ३ वापरतात.

आमच्याकडे याचे रोजचे उदाहरण म्हणजे विडाल चाचणी. दोन दिवस ताप आला, रक्त दिले, ‘विडाल पॉझिटिव्ह, टायफॉईड आहे’ असे कळले आणि सलाईन सुरू झाले, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांच्या घरी आला असेल. विडाल रक्तातील प्रतिपिंडे मोजते. जिथे टायफॉईडचे जंतू वर्षानुवर्षे पाण्या-अन्नातून फिरत आहेत, तिथे जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे ही प्रतिपिंडे अनेक धडधाकट माणसांतही सापडतात. दुसऱ्या तापांतही ती वाढलेली दिसू शकतात. म्हणजे आपल्या मुलखात एकट्या विडालवर टायफॉईडचे निदान करणे हे मर्सेनच्या संख्यांना दोनची चाळणी लावण्यासारखे आहे. खात्री हवी तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर करावे लागते. त्याला काही दिवस आणि थोडे अधिक पैसे लागतात. विडालचा कागद संध्याकाळपर्यंत हातात येतो, म्हणून तो जिंकतो.

रामानुजन यांची १७२९ आणि त्यांचा आजार

मग २ आणि ३ या दोन्ही चाचण्या केल्या की झाले का? तेही नाही. १७२९ ही संख्या आपल्या ओळखीची आहे. लंडनमधल्या पटनी येथे आजारी असलेल्या श्रीनिवास रामानुजन यांना भेटायला प्राध्यापक हार्डी ज्या टॅक्सीने गेले, तिचा हा क्रमांक. हार्डींना तो नीरस वाटला होता. रामानुजन यांनी लगेच सांगितले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. १ आणि १२ चे घन मिळवा किंवा ९ आणि १० चे, उत्तर १७२९ च येते.

या संख्येचा दुसरा गुण कमी लोकांना ठाऊक असतो. ती चाळणीला हमखास फसवते. २ घेऊन करा, बाकी १. ३ घेऊन करा, बाकी १. तिच्याशी समाईक अवयव नसलेली कुठलीही संख्या घ्या, प्रत्येक वेळी ‘मूळ’ असाच कौल मिळतो. प्रत्यक्षात १७२९ म्हणजे ७ गुणिले १३ गुणिले १९. सातने साधा भाग दिला असता तरी कळले असते. एकच चाचणी थोड्याफार फरकाने दहा वेळा केली, तर चूकही दहा वेळा तीच होऊ शकते. वेगळ्या जातीची चाचणी लागते, आणि कधी कधी पोटावर हात ठेवून रुग्ण नीट तपासला तरी पुरते.

रामानुजन यांच्या आजाराची कथा याच वळणाची आहे. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी त्यांच्यावर क्षयाचे उपचार केले. भारतात परतल्यावर सुमारे वर्षभराने, २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग या इंग्लिश डॉक्टरांनी उपलब्ध नोंदी तपासून असे मत मांडले की तो क्षय नसून यकृताचा अमीबाजन्य आजार असावा. रामानुजन यांना भारतात असताना आमांश झाला होता आणि तोच आजार पुढे यकृतात गेला असावा, असा त्यांचा तर्क. अमीबावर एमेटिन हे औषध १९१२ पासून, कलकत्त्यातल्या कामामुळे, माहीत होते. यंग यांचे मत बरोबर की चूक हे आज कोणीच सिद्ध करू शकत नाही. त्या शरीराची आता तपासणी होणार नाही. निदानाची खात्री करण्याची वेळ टळून गेली की ती परत येत नाही.

खात्री म्हणजे काय

मर्सेनच्या संख्यांसाठी खात्रीची चाचणी फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८७६ च्या सुमारास शोधली आणि अमेरिकेच्या लेहमर यांनी पुढे ती नेटकी केली. तिची रीत पाचवीच्या मुलालाही जमेल. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागा आणि बाकी पुढे घ्या. ३१ साठी ही कृती तीनदा करायची: ४ चे १४ होतात, १४ चे १९४, त्याची बाकी ८, ८ चे ६२ आणि ६२ ला ३१ ने भागले की बाकी शून्य. शून्य आले म्हणजे मूळ. नाही आले म्हणजे मूळ नाही. इथे ‘बहुधा’ नाही. फक्त नव्या संख्येसाठी ही कृती १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८३९ वेळा करावी लागते, तीही कोट्यवधी अंकांच्या आकड्यांवर.

मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा मूळ संख्यांची यादी दिली होती, तीत ६७ दोनांच्या गुणाकारातून एक वजा केलेली २१ अंकी संख्या होती. मोठ्या माणसाचे नाव होते, त्यामुळे ती मूळ आहे असे दोनशेहून अधिक वर्षे चालून गेले. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण अवयव कोणते ते त्यांना सांगता आले नाही. ते १९०३ मध्ये अमेरिकी गणितज्ञ फ्रँक कोल यांनी सांगितले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मधली २७ वर्षे ‘बिघाड आहे हे नक्की, कारण माहीत नाही’ अशीच स्थिती होती. रुग्ण अनेकदा वैतागून विचारतात, ‘एवढ्या तपासण्या केल्या, मग कारण का सांगत नाही?’ काहीतरी आहे हे कळणे आणि ते का आहे हे कळणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. डॉक्टरने दुसरी पायरी गाठल्याचा आव आणण्यापेक्षा पहिल्या पायरीवर प्रामाणिकपणे उभे राहणे बरे.

वैद्यकात मात्र ल्युका-लेहमरसारखी बिनचूक चाचणी जवळपास नाहीच. म्हणून आम्हाला वेगवेगळ्या जातीच्या चाचण्या एकापुढे एक लावाव्या लागतात. सरकारी केंद्रांतली एचआयव्हीची पद्धत याचा चांगला नमुना आहे. लक्षणे नसलेल्या माणसाची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तरी त्याला ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नाहीत. वेगळे तत्त्व किंवा वेगळे प्रतिजन वापरणाऱ्या आणखी दोन किट लावतात. तिन्ही जुळल्या तरच निदान, आणि आधी-नंतर समुपदेशन. हे शिस्तीने करता येते, हे आपल्याच यंत्रणेने दाखवले आहे.

दुर्मीळ आजाराचे गणित

एवढी सावधगिरी कशाला, चाचणी ९९ टक्के अचूक असली म्हणजे झाले, असे वाटू शकते. समजा, हजारात एकाला होणारा एक आजार आहे. चाचणी ९९ टक्के आजाऱ्यांना पकडते आणि ९९ टक्के निरोग्यांना योग्य तेच सांगते. एक लाख लोकांना तपासले. त्यांत आजारी १००, त्यांतले ९९ सापडले. निरोगी ९९,९००, त्यांतल्या १ टक्क्याला म्हणजे ९९९ जणांना चुकून ‘पॉझिटिव्ह’ कागद मिळाला. एकूण पॉझिटिव्ह १,०९८, खरे आजारी ९९. म्हणजे दर अकरा पॉझिटिव्ह कागदांमागे खरा आजारी साधारण एक. आजार जितका दुर्मीळ, तितकी पहिल्या चाचणीवर शिक्का मारण्याची घाई महागात पडते.

सणासुदीला ‘फुल बॉडी चेकअप’च्या सवलतींचे संदेश आपल्या फोनवर येतात, तिथे हेच गणित वेगळ्या वेषात असते. बऱ्याच तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी आखलेली असते की १०० निरोग्यांपैकी ९५ जण तिच्या आत बसतील. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या एकाच दिवशी केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग त्या एका ठळक छापलेल्या आकड्यामागे सोनोग्राफी, सीटी स्कॅन, जागरणे आणि कर्ज. लक्षणे, वय आणि घरातला आजारांचा इतिहास पाहून मोजक्या तपासण्या कराव्यात, त्यातच शहाणपण आहे. रक्तदाब, साखर, गर्भाशयमुख आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी यांना माझा विरोध नाही. त्या जीव वाचवतात. त्या चाळण्या आहेत, हे विसरू नये इतकेच.

त्या चिठ्ठीवर काय लिहायला हवे होते

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. विदर्भात आणि गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यांत ही मोहीम अत्यंत गरजेची आहे. शिबिरात अनेकदा सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. पण रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढेच ती सांगते. माणूस ‘एएस’ म्हणजे वाहक आहे की ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हे तिला कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात ती भरवशाची नाही. नुकतेच रक्त चढवले असेल तरी चकवू शकते. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाचे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी झालेच पाहिजे.

हे नियमात आहे, पण गावात पोहोचतो तो पहिला कागद. दुसऱ्या चाचणीचा नमुना जिल्ह्याला जातो, रिपोर्ट उशिरा येतो, तोवर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द चार गावे फिरलेला असतो. यावर उपाय खर्चिक नाही. शिबिराच्या चिठ्ठीवर ‘पॉझिटिव्ह’ लिहूच नये. ‘प्राथमिक तपासणीत शंका, पुढील तपासणी आवश्यक, अमुक तारखेला अमुक ठिकाणी यावे’ असे मराठीत छापावे. गोंडी, माडिया, भिली बोलणाऱ्या गावांत ते आशाताईंनी त्यांच्या भाषेत समजावून सांगावे. पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीतले अंतर आठवड्यांत मोजले जावे, महिन्यांत नव्हे. शिबिराचे यश किती नमुने घेतले यावर न मोजता किती जणांना पक्के निदान हातात मिळाले यावर मोजले जावे.

आणि वाचकांनी काय करावे? हातात रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारा: ही चाळणीची चाचणी आहे की खात्रीची? माझ्यासारख्या माणसात हा आजार किती आढळतो? वेगळ्या पद्धतीने पुन्हा तपासता येईल का? आणि तोवर थांबलो तर काही धोका आहे का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. छातीत कळ आली असताना खात्रीच्या चाचणीची वाट पाहत बसायचे नसते. तिथे आधी उपचार, मग बाकीचे. या प्रश्नांचा राग येणारा डॉक्टर माझ्या मते बदलावा.

त्या मुलीचे एचपीएलसी आम्ही केले. रिपोर्ट ‘एएस’ आला. ती वाहक आहे, रुग्ण नाही. ती शेतात काम करू शकते, शिकू शकते, लग्न करू शकते, आई होऊ शकते. जोडीदारही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधी दोघांनीही तपासून घ्यायचे. मोडलेल्या सोयरिकीत मुलाची तपासणी झालीच नव्हती. ‘त्याचं कोणी विचारलंच नाही,’ बाप म्हणाला.

नवा रिपोर्ट मी त्याला वाचून दाखवला. त्याने तो जुन्या चिठ्ठीसोबत घडी घालून खिशात ठेवला. जुना फेकून दे, असे मी म्हटले. तो म्हणाला, ‘नाही मॅडम, दोन्ही घेऊन जातो. गावात पहिला कागद सगळ्यांनी पाहिला आहे. दुसराही दाखवायला हवा.’